गलबताला कोणतं वार्निश? नाशिकच्या एका प्रतिकृतीचं प्रकरण

प्रश्न साधा होता: पाण्यात चालणाऱ्या लाकडी मॉडेल बोटीला कोणतं वार्निश लावावं? चार जणांनी त्याची चार उत्तरं दिली होती आणि चौघंही आपापल्या कामात जाणकार. माझं काम जुन्या लाकडी फर्निचरच्या पॉलिशचं, त्यामुळे हे प्रकरण शेवटी माझ्याकडे आलं. यात जे पाहायला मिळालं ते बोट बनवणाऱ्या कुणालाही उपयोगी पडावं म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

नाव पाऊण मीटर लांब आणि मध्ये वीतभर रुंद. दोन डोलकाठ्या, दोन्ही अंगांना वल्ह्यांची रांग. मराठी आरमारात गुराब मोठी आणि गलबत तिच्याहून लहान, चपळ, साधारण ७० टनांपर्यंतचं. त्या गलबताची ही प्रतिकृती. बांधणारे काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, राहायला गंगापूर रोडला. अलिबागला कुलाबा किल्ला पाहून आले आणि नातीला म्हणाले, आपण एक बांधू. सांगाडा मरीन प्लायचा, त्यावर शिवणीच्या पातळ पट्ट्या, कणा आणि नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, सागाची. शिवण निवडली हे फार चांगलं केलं होतं. ती हलकी, कापायला मऊ आणि हवामानाबरोबर फुगण्या-आकसण्याचं प्रमाण तिच्यात कमी. आत बॅटरीवरची छोटी मोटर, मागे पंखा आणि सुकाणू रिमोटवर.

काकांनी घराच्या फर्निचरचं काम करणाऱ्या सुताराकडून नावेला लाखेचं पॉलिश करून घेतलं. काम अप्रतिम होतं, लाकडाच्या रेषा आतून उजळल्यासारख्या दिसत होत्या. डिसेंबरात दिंडोरीकडे भाच्याच्या द्राक्षबागेतल्या शेततळ्यात नाव पहिल्यांदा सोडली. अर्धा तास झकास चालली. बाहेर काढली तेव्हा पाण्याच्या रेषेखाली सगळीकडे दुधाळ पांढरे डाग. दोन-तीन दिवसांनी नाळेजवळच्या पट्ट्यांच्या कडा उठून हाताला लागायला लागल्या. नात हिरमुसली. काका गप्प झाले.

मग सल्ले सुरू झाले. सुतार म्हणाला, मेलामाइन मारू, काचेसारखं होईल. रंगाच्या दुकानदाराने दोन डब्यांचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, सुचवलं, त्याच्यापुढे काही टिकत नाही म्हणाला. भाच्याच्या मते सगळी नाव इपॉक्सीत, म्हणजे दोन द्रव कालवले की घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, बुडवून काढावी. काकांच्या एका जुन्या सहकाऱ्याने अळशीचं तेल पाजायला सांगितलं, पूर्वीच्या होड्यांना तेलच लावत म्हणून. काका माझ्याकडे आले ते नाव पोटाशी धरून. म्हणाले, "तू सांग. मला ती चालवायचीही आहे आणि दिवाणखान्यात काचेत ठेवायचीही आहे. यातलं एक सोड असं म्हणू नकोस."

मी म्हटलं, "काका, आधी आतून बघू द्या."

वरची झडप काढून टॉर्च मारला. बाहेरून इतकी निगुतीने घासलेली नाव आतून पूर्ण कोरी होती. सांगाड्याच्या प्लायच्या कापलेल्या कडा उघड्या, पट्ट्यांची आतली बाजू उघडी, पंख्याचा दांडा ज्या नळीतून जातो ती सागाच्या भोकात नुसती चिकटवलेली. तळाला पाणी साचून गेल्याचा पुसट पिवळा माग होता. लाखेवरचे पांढरे डाग सगळ्यांना दिसले, पण पट्ट्यांच्या कडा उचलणारं पाणी आतून शिरलं होतं.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. पाणी आडव्या अंगाने हळू शिरतं, पण कापलेल्या टोकातून सरळ आत ओढलं जातं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र वाढतं. म्हणून पट्टीचं टोक ओलं झालं की ती रुंद होते, शेजारणीला ढकलते, आणि दोघींना जागा नसली की कड वर उठते. बाहेर दहा थर चढवले आणि आत टोक उघडं राहिलं, तर ते दहा थर आतल्या ओलाव्याला बाहेर पडू देत नाहीत, एवढंच.

लाखेबद्दलही न्यायाने बोललं पाहिजे, कारण तिला सगळ्यांनी लगेच दोषी ठरवलं. हवेतल्या दमटपणाला लाख चांगली अडवते, अळशीच्या तेलापेक्षा कितीतरी चांगली. पण तिच्यावर पाणी थांबून राहिलं की ती पांढरी पडते, आणि स्पिरिटने केव्हाही विरघळते. कायम काचेत राहणाऱ्या नावेला लाखेइतकं सुंदर आणि केव्हाही दुरुस्त करता येणारं दुसरं काही नाही, असं माझं आजही मत आहे. ही नाव पाण्यात जाणार होती.

वार्निश निवडायला या नावेचं वर्ष कसं जाणार ते मांडून पाहिलं. हिवाळ्यात काही सकाळी, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास, ती गोड्या पाण्यात. बाकी सगळा काळ दिवाणखान्यात, पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या काचेच्या कपाटात. म्हणजे पाण्यापेक्षा ऊन तिच्या वाट्याला कितीतरी पट जास्त येणार. खिडकीची साधी काच अतिनील किरणांचा एक भाग अडवते, पण बराचसा आत येतो. तो पारदर्शक वार्निशमधून आरपार जातो आणि लाकडाच्या पृष्ठभागावरचं लिग्निन मोडतो. लिग्निन म्हणजे लाकडाच्या तंतूंना एकत्र धरणारा पदार्थ. मग वरून वार्निश शाबूत दिसतं, खाली लाकडाचा पापुद्रा सुटलेला असतो, आणि एक दिवस वार्निशची सालपटं निघतात. त्यात नाशिकची हवा. मार्च-एप्रिलच्या दुपारी इतकी कोरडी की दारांच्या फटी रुंदावतात, जुलै-ऑगस्टात तीच दारं चौकटीत अडकतात. ही हालचाल नावेच्या प्रत्येक पट्टीतही होणार, आणि वरचा थर तिच्याबरोबर ताणला जाणारा हवा.

ऊन, लवचिकपणा, पाणी, या क्रमाने आमच्या अटी ठरल्या. चौथी अट काकांच्या घरातून आली: त्यांना दमा आहे, आणि काम बाल्कनीत, नात शेजारी बसलेली असताना होतं.

या चौथ्या अटीने दोन डब्यांचं पीयू लगेच बाद झालं. ते टिकाऊ असतं यात शंका नाही. ज्यांच्या बोटीत मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनवर चालणारं छोटं इंजिन असतं त्यांना तेच किंवा इपॉक्सी लागतं, कारण ते इंधन साधी वार्निशं खाऊन टाकतं. पण त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे घट्ट करणाऱ्या दुसऱ्या डब्यात, आयसोसायनेट नावाचं रसायन असतं आणि त्याने दमा होतो, असलेला बळावतो. फवारा मारला तर धोका फारच मोठा. ब्रशने कमी, तरी दम्याच्या माणसाने बंद बाल्कनीत त्याच्या वाटेला जाऊ नये. काकांना हे पटवावं लागलं नाही. कारखान्यात रंगाच्या बूथमध्ये जाणारी माणसं कशी नखशिखांत झाकून जात, ते त्यांनी पाहिलेलं होतं.

उरलेल्यांची परीक्षा घ्यायची कल्पना त्यांचीच. "विमानाला रंग लावण्याआधी पट्टीवर लावायचा, हे आमच्याकडे लहान मुलालाही सांगावं लागत नसे," म्हणाले. शिवणीचे आणि सागाचे उरलेले तुकडे वीतभर लांबीचे कापले. लाख, मेलामाइन, इपॉक्सी, अळशीचं तेल, पाण्याने पातळ होणारं अॅक्रिलिक पीयू आणि बाहेरच्या लाकडासाठीचं एका डब्यातलं तेलकट पीयू वार्निश, अशा सहा तऱ्हा, प्रत्येक तऱ्हेच्या जोड्या. जोडीतल्या एका पट्टीची टोकं इपॉक्सीने बंद केली, दुसरीची उघडी ठेवली. सागाच्या पट्ट्या आधी अॅसिटोनने पुसल्या. सागात स्वतःचं तेल असतं, ते वर राहिलं तर वार्निशची पकड कमी होते आणि ते सुकायलाही वेळ लावतं.

एक संच पेल्यात अर्धा बुडवून रात्रभर ठेवला, आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलला. दुसरा गच्चीवर, प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून, म्हणजे उन्हातला आणि सावलीतला फरक शेजारी-शेजारी दिसेल. तिसऱ्या संचावर काकांनी ब्लेडने बारीक चौकड्या पाडल्या, वर चिकटपट्टी दाबली आणि झटक्यात ओढली. विमानाच्या रंगाची पकड अशीच पाहतात.

पाण्याच्या संचाने मला जे अपेक्षित होतं ते काकांना दाखवलं. टोक उघडी असलेली प्रत्येक पट्टी वजनात भरली, मग तिच्यावर काहीही लावलेलं असो. टोक बंद असलेल्यांमध्ये अळशीची सोडली तर बाकीच्यांत फार फरक नव्हता. कोणतं वार्निश हा ज्या प्रश्नावर सगळे भांडत होते, त्याच्यापेक्षा टोक बंद की उघडं या प्रश्नाचं वजन काट्यावर जास्त पडलं. मॉडेल बोटीच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही सांगेन.

अळशीच्या तेलाने सगळ्यात जास्त पाणी पिऊ दिलं. जुन्या होड्यांना तेल लावत हे खरं, पण त्या होड्यांचं लाकूड जाड, त्या कायम पाण्यात फुगून आपल्या फटी आपणच बंद करत, आणि तेल सारखं लावलं जाई. दोन मिलिमीटरच्या पट्टीला ते गणित लागू पडत नाही. शिवाय अळशीच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. हे घरात सांगून ठेवावं. चिंधी उलगडून उघड्यावर वाळू द्यावी किंवा पाण्यात भिजवून फेकावी.

गच्चीवरचा निकाल मार्चअखेर वाचता आला. इपॉक्सी उन्हाच्या बाजूला स्पष्ट पिवळं पडलं होतं. पाण्याला ते सगळ्यांत घट्ट, पण उघड्या उन्हात उघडं ठेवायची वस्तू नाही. मेलामाइन चकचकीत होतं, मात्र चौकड्यांच्या परीक्षेत सागावरून कडांना तुटलं. ते मुळात घरातल्या फर्निचरसाठीचं, आम्लाने कडक होणारं. कडकपणा हाच त्याचा गुण आणि इथे तोच दोष. अॅक्रिलिक पीयूचा रंग अजिबात बदलला नव्हता आणि वासही नसतो. पण पाण्यातली पट्टी रात्रभरानंतर नखाला मऊ लागली, आणि पहिल्या हाताला लाकडाचे रोम उभे राहतात ते पुन्हा घासावे लागतात. नुसत्या शोभेच्या नावेला, बंद खोलीत काम करणाऱ्याला, मी तेच सुचवेन.

तेलकट पीयू वार्निश उरलं. ते थोडं पिवळसर मधाळ रंग देतं, सुकायला वेळ घेतं, पण नखाने दाबलं तर किंचित दबून परत येतं. हाच तो लवचिकपणा. जहाजांच्या डोलकाठ्या वाऱ्यात वाकतात, त्यांच्यासाठी जी वार्निशं बनत आली त्यांत तेलाचं प्रमाण मुद्दाम जास्त ठेवत, ते याच कारणाने. डबा घेताना मात्र वाचून घ्यावा. फरशीसाठीचं किंवा घरातल्या लाकडासाठीचं पीयू दिसायला सारखंच असतं, पण ते जास्त कडक असतं आणि त्यात अतिनील किरण शोषणारं द्रव्य असेलच असं नाही. डब्यावर एक्स्टिरियर आणि यूव्ही हे दोन्ही शब्द हवेत.

प्रत्यक्ष कामात सगळ्यात वेळ गेला तो लाख काढण्यात. स्पिरिटमध्ये भिजवलेलं कापड आणि जुना टूथब्रश. लाख विरघळते, पण चपड्यात, म्हणजे ज्या पापुद्र्यांपासून हे पॉलिश बनतं त्यांत, मेण असतं आणि ते पट्ट्यांच्या फटींत बसतं. मेणावर पीयू धरत नाही. म्हणून दर वेळी स्वच्छ कापड, शेवटचा हात टर्पेंटाइनचा, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर. उठलेल्या कडा याच वेळी सपाट झाल्या. त्याआधी नाव महिनाभर उघडी ठेवून पूर्ण वाळू दिली होती. ओल्या लाकडावर कड घासली तर वाळल्यावर तिथे खाच पडते.

आतल्या अंगाला इपॉक्सीचे दोन पातळ हात दिले, हळू आवळणारं हार्डनर घेऊन. खोल वाटीत कालवलं तर ते स्वतःच्या उष्णतेने तापून मिनिटांत गोठतं, म्हणून पसरट ताटलीत थोडंथोडं कालवलं. हातमोजे दोघांनीही घातले; इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. प्लायच्या कडा, डोलकाठीच्या पायाचं भोक, सुकाणूचं भोक, पंख्याच्या नळीची जागा, सगळी टोकं पोटभर पाजली. नळी काढून पुन्हा बसवली आणि तिच्यात ग्रीस भरलं. इपॉक्सी आवळल्यावर त्यावर कधी मेणचट थर येतो, दमट हवेत जास्त. तो साध्या पाण्याने चोळून धुवावा लागतो, नाहीतर पुढचं काही चिकटत नाही. बाहेरून आम्ही इपॉक्सी फक्त नाळेच्या आणि कण्याच्या कापलेल्या टोकांना लावलं, आणि त्यावर वार्निश चढवण्याआधी काही आठवडे जाऊ दिले. ताज्या इपॉक्सीवर तेलकट वार्निश कधी कधी चिकटच राहतं.

बाहेरचं वार्निश एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन मिसळून, म्हणजे तो लाकडात उतरेल. पुढचे तीन जवळजवळ न पातळ करता, प्रत्येकी एक दिवसाच्या अंतराने, मध्ये ३२० आणि मग ४०० नंबरचा वॉटर पेपर. वेळ सकाळी नऊ-दहाची. दुपारी बाल्कनी तापली की वरची साय धरते आणि आतलं टर्पेंटाइन बुडबुड्यांनी बाहेर येतं. त्यात वाराही दुपारी उठतो आणि धूळ आणतो. थंडीत उलट अडचण, पहाटे पारा दहाच्या खाली गेला की हे वार्निश सुकायचं नावच घेत नाही.

वजनाचा हिशेब काकांनी केला. नावेची बाहेरची बाजू आणि वरची फळी मिळून साधारण ०.३६ चौरस मीटर. एक लिटर वार्निश १० ते १२ चौरस मीटरला पुरतं, म्हणजे एका हाताला तीसेक मिलिलिटर, आणि सुकल्यावर त्यातलं निम्मंच उरतं. एका थराला १५ ग्रॅमच्या आसपास. तळाशी हे वजन चालतं, पण डोलकाठ्यांवर आणि वरच्या फळीवर चढलेला प्रत्येक ग्रॅम नावेला कलंडायला मदत करतो. म्हणून डोलकाठ्यांना दोनच हात दिले.

चमक किती ठेवायची यावर आमचं थोडं वाजलं. काकांना आरशासारखी हवी होती. खरं जहाज आपण लांबून पाहतो, त्याची चमक हवेतून येता येता मंदावते. लहान नावेवर पूर्ण चमक ठेवली की ती खेळण्यासारखी दिसते. अर्धी पट्टी चमकदार, अर्धी सॅटिन, म्हणजे मंद चमकेची, करून नातीपुढे ठेवली. तिने सॅटिनवर बोट ठेवलं. आधीचे थर चमकदारच घेतले, कारण सॅटिनमधली भुकटी थरावर थर चढवल्यास लाकडावर धुकं आणते. फक्त शेवटचा हात सॅटिनचा. ती भुकटी डब्याच्या तळाशी बसते, तेव्हा डबा हलवायचा नाही, काठीने सावकाश ढवळायचा. हलवला की बुडबुडे.

पाण्याच्या रेषेखाली काकांना पांढरा रंग हवा होता, पूर्वी जहाजांच्या तळाला चुना आणि तेलाचा लेप देत तसा दिसणारा. तिथे प्रायमर आणि पांढरा सिंथेटिक इनॅमल दिला. त्यावर वार्निश मुद्दाम घातलं नाही, ते पांढऱ्याला पिवळं करतं. शिडं मांजरपाटाची आणि दोऱ्या सुती. त्या सगळ्यात शेवटी चढवल्या आणि त्यांना कोरडंच ठेवलं. वार्निश लागलेला दोरा काडीसारखा कडक होतो आणि गाठीपाशी तुटतो.

हाताला कोरडं लागणं आणि आतपर्यंत घट्ट होणं यात या वार्निशला आठवडे लागतात, कारण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. मे महिना नाव मोकळ्या हवेत राहिली. पावसाळाभर कपाटात, पण कपाट आता पूर्वेच्या भिंतीला, जिथे थेट ऊन पडत नाही. जागा बदलण्याचा उपाय फुकटातला आहे आणि कोणत्याही डब्यातल्या यूव्हीपेक्षा जास्त काम करतो.

नोव्हेंबरात नाव पुन्हा त्याच शेततळ्यात गेली. फवारणी नसलेला दिवस निवडला, नाहीतर बोर्डोचे, म्हणजे बागेवर फवारायच्या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचे, निळसर ठिपके नावेवर बसतात. शेततळ्याला अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की पाय ठरत नाही, आणि घसरलेल्या माणसाला काठ धरता येत नाही. म्हणून काकांनी दोर बांधून ठेवला होता, आणि नातीला काठापासून चांगलं लांब, बांधावर बसवून रिमोट दिला होता. तासाभराने झडप उघडली तेव्हा आत चमचाभर पाणी होतं, ग्रीस असूनही नळीतून आलेलं. ते टिपून घेतलं. पट्ट्या हाताला सपाट लागल्या, डाग नव्हते. गोड्या स्वच्छ पाण्याने पुसून, झडप उघडी ठेवून नाव दोन दिवस सावलीत वाळवली.

गच्चीवरच्या पट्ट्या आम्ही काढल्या नव्हत्या. पावसाळ्यानंतर लाखेची आणि मेलामाइनची पट्टी ओळखू येत नव्हती. तेलकट पीयूची पट्टी टिकली होती, पण तिचीही चमक उतरली होती आणि एका कडेला केसाएवढी चीर होती. उघड्यावर राहणाऱ्या लाकडाला हे वार्निशही वर्षा-दोन वर्षांत नवा हात मागणार. काकांची नाव सावलीत आहे, तिला इतक्या लवकर गरज पडू नये. तरी दर फेब्रुवारीत शिडं उतरवून नाळेजवळ आणि पाण्याच्या रेषेवर नख फिरवून पाहायचं, चीर दिसली तर तेवढाच भाग ४०० ने घासून एक पातळ हात द्यायचा, असं ठरलं आहे. उरलेलं वार्निश लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवलं. अर्ध्या रिकाम्या डब्यात आतल्या हवेनेच त्यावर साय धरते.